द्रोग्बानं काय मागितलं होतं?

गेल्या हंगामात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत माझ्या पुढच्या पायरीवर एक पोरगं बसलं होतं. अंगात चेल्सी या इंग्लिश फुटबॉल क्लबची निळी जर्सी, पाठीवर ११ आणि द्रोग्बाचं नाव. द्रोग्बानं चेल्सी कायमची सोडली २०१५ मध्ये, तेव्हा हे पोरगं फार तर अंगणवाडीत असेल. हाफटाइमला त्यानं मोबाइल मागं वळवून माझ्यापुढं धरला. "काका, ह्यानं लढाई थांबवलेली म्हणं. खरं काय?"

मेसेज ओळखीचाच होता. दर विश्वचषकाच्या आधी तो आमच्या तालमीच्या ग्रुपवर येतो, मग शाळेच्या, मग सोसायटीच्या. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये यादवी युद्ध पेटलं होतं, संघ विश्वचषकाला पात्र ठरला, त्या संघातल्या दिदिए द्रोग्बानं कॅमेऱ्यासमोर गुडघे टेकून हात जोडले, आठवडाभरात बंदुका थंडावल्या. खाली तिरंगा, फुटबॉल आणि नमस्काराच्या खुणा. तिरंगा बहुधा चुकून पडलेला असतो, कारण आयव्हरी कोस्टचा झेंडाही नारिंगी, पांढरा, हिरवाच. फक्त पट्टे उभे.

"अर्धं खरं," मी म्हणालो, आणि तेवढ्यात शिट्टी झाली. उरलेल्या अर्ध्याचा हिशेब मांडायचा राहून गेला, तो इथं मांडतोय. माझ्या मते ही गोष्ट नुसती चुकीची नाही. तिनं द्रोग्बाला मोठं करता करता त्याच्या तोंडचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य गिळून टाकलं आहे.

आधी खरं अर्धं. ८ ऑक्टोबर २००५. जर्मनीतल्या विश्वचषकासाठी आफ्रिकेतल्या पात्रता फेरीचा शेवटचा दिवस. आयव्हरी कोस्ट सुदानमध्ये ओम्डुरमनला खेळत होतं आणि गटात कॅमेरूनच्या एका गुणानं मागं होतं. कॅमेरून घरच्या मैदानावर इजिप्तशी जिंकलं असतं तर सगळं संपलं होतं. आयव्हरी कोस्टनं आपला सामना ३-१ जिंकला. तिकडं कॅमेरूनच्या राजधानीत, याउंदेत, १-१ बरोबरी, आणि भरपाईच्या वेळेत कॅमेरूनला पेनल्टी मिळाली. पिएर वोमेनं मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. आयव्हरी कोस्ट पहिल्यांदाच विश्वचषकात पोचलं. एका देशाच्या इतिहासातला एवढा मोठा क्षण दुसऱ्या देशाच्या गोलखांबावर ठरला. त्या वोमेचं पुढं काय झालं हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. त्याला घरच्याच लोकांच्या संतापापासून पळावं लागलं.

ओम्डुरमनच्या ड्रेसिंग रूममध्ये टीव्हीचा कॅमेरा शिरला. खेळाडू एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून दाटीवाटीनं उभे, मधोमध हातात माइक घेतलेला द्रोग्बा. तो घोषणा देत नाही, जवळजवळ घरच्यासारखा बोलतो. उत्तरेच्या, दक्षिणेच्या, मध्य आणि पश्चिमेच्या बंधूभगिनींनो, आम्ही आज दाखवून दिलं की आपण एकत्र राहू शकतो, एका ध्येयासाठी एकत्र खेळू शकतो. मग सगळे गुडघ्यांवर बसतात. क्षमा करा, असं तो पुनःपुन्हा म्हणतो. एवढी संपत्ती असलेल्या देशानं युद्धाच्या खाईत जाता कामा नये. शस्त्रं खाली ठेवा. आणि मग: निवडणुका घ्या. हे तो दोनदा म्हणतो. निवडणुका घ्या, सगळं नीट होईल. शेवटी सगळे उठून गाऊ लागतात, आम्हाला मजा करायचीय, तुमच्या बंदुका थांबवा. पुरता एक मिनिटाचा मामला.

मराठीत गुडघे टेकणं म्हणजे हार मानणं. इथं जिंकलेली माणसं गुडघे टेकत होती, म्हणून तर ते दृश्य वीस वर्षांनंतरही अंगावर येतं. दृश्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते "आठवडाभरात" या शब्दाशी.

त्या रात्री आयव्हरी कोस्टमध्ये थांबवण्यासारखी मोठी लढाई चालूच नव्हती. १९ सप्टेंबर २००२ ला सैन्यातल्या एका गटानं बंड केलं, आणि थोड्याच दिवसांत देश मधोमध फाटला. उत्तर बंडखोरांकडे, त्यांचं मुख्य ठाणं बुआके. दक्षिण राष्ट्राध्यक्ष लोरां ग्बाग्बोंकडे, आबिजान या सर्वांत मोठ्या शहरासह. मोठी चकमक पहिल्या काही महिन्यांतली. मग जानेवारी २००३ मध्ये फ्रान्समध्ये करार झाला. मधल्या पट्ट्यात संयुक्त राष्ट्रांचे आणि फ्रान्सचे मिळून सुमारे १०,००० सैनिक येऊन बसले. नोव्हेंबर २००४ मध्ये सरकारी विमानांनी बुआकेवर बाँब टाकले, त्यात नऊ फ्रेंच सैनिक मेले, आणि फ्रान्सनं उत्तरादाखल आयव्हरी कोस्टचं सगळं हवाई दल जमिनीवरच निकामी केलं. एप्रिल २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी दोन्ही बाजूंना प्रिटोरियात बसवलं आणि युद्ध संपल्याची घोषणा करून घेतली. म्हणजे द्रोग्बा गुडघ्यांवर बसला त्याच्या सहा महिने आधी.

देश तरीही दुभंगलेलाच होता, चौक्यांवर माणसं मरत होती, लोकांना घरी परतता येत नव्हतं. त्याला शांतता म्हणता येणार नाही. पण अडलं होतं ते गोळीबारापाशी नव्हतं, मतदार यादीपाशी होतं.

हे समजायला कोकोपाशी जावं लागतं. जगात सर्वांत जास्त कोको पिकवणारा देश हा. स्वातंत्र्यानंतर १९६० पासून १९९३ पर्यंत उफुए-ब्वानी यांची एकछत्री सत्ता होती, आणि त्यांचं धोरण साधं होतं: जो जमीन कसेल त्याची ती. बुर्किना फासोतून, मालीतून लाखो माणसं आली, जंगलं तोडली, कोको लावला, तिथंच मुलंबाळं झाली. कोकोचे भाव पडले, उफुए-ब्वानी गेले, आणि नवे अध्यक्ष आंरी कोनान बेदिए यांनी एक शब्द चलनात आणला: इव्वारिते. म्हणजे अस्सल आयव्हरी कोस्टपण. अस्सल कोण, तर ज्याचे आईबाप दोघेही इथले. हा शब्द मुख्यतः एका माणसाला निवडणुकीबाहेर ठेवण्यासाठी घडवला होता, उत्तरेचे अलासान वातारा. पण शब्द एकदा चौकीवरच्या शिपायाच्या तोंडी गेला की तो एका माणसापुरता राहत नाही. तुरे, कोने, दियाबाते, कुलिबाली अशी उत्तरेकडची आडनावं ऐकली की ओळखपत्र फाडणारे शिपाई दक्षिणेत पैदा झाले. २००० च्या नव्या राज्यघटनेनं आईबापांची अट कलमातच घालून टाकली. बंडखोरांच्या तोंडी पहिली मागणी होती ती कागदपत्रांची: आम्हाला आमच्याच देशाचे नागरिक म्हणा.

आता त्या पिढीच्या संघातली नावं बघा. कोलो आणि याया तुरे, दोघेही बुआकेचे. आबिजानच्या असेक मिमोसाझ क्लबची अकादमी ज्यां-मार्क गियू नावाच्या फ्रेंच माणसानं १९९० च्या दशकात उभी केली, तिच्यात ही पोरं वाढली. झोकोरा, एबुए, सालोमों कालू हेही तिथलेच. तिथं पोरं अनवाणी खेळायची. बूट मिळवायचे तर चेंडू पायांवर अमुक इतक्या वेळा न पाडता उडवून दाखवायचा. अनवाणी पोराला आडनाव विचारायची गरज त्या मैदानात कुणाला पडली नाही, पण त्याच पोराला गावी जाताना वाटेवरच्या चौकीत ते विचारलं गेलं असतं.

द्रोग्बा त्या अकादमीतला नव्हे. आईबाप दोघेही बँकेत कामाला, पाचव्या वर्षी त्याला फ्रान्समध्ये फुटबॉल खेळणाऱ्या नातेवाइकाकडे विमानात बसवून दिलं. घरची आठवण येऊन परत आला, आईवडिलांच्या नोकऱ्या गेल्यावर पुन्हा गेला. व्यावसायिक करार मिळायला एकविसावं वर्ष उजाडलं, ल मां या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात. या वयात मोठे खेळाडू देशाकडून खेळून मोकळे झालेले असतात. मग गँगाँ, मार्सेय, आणि २००४ मध्ये २ कोटी ४० लाख पौंडांना चेल्सी. तो बेते समाजाचा, मूळ गाव गान्योआच्या बाजूचं. अध्यक्ष ग्बाग्बोही बेतेच. फॉरवर्डमधून गळालेला हा तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. अर्धं आयुष्य फ्रान्समध्ये काढलेल्या द्रोग्बाच्या अस्सलपणाबद्दल दक्षिणेत कुणी शंका काढली नसती. बुआकेत जन्मलेल्या यायाच्या आडनावावरून काढली असती. त्या खोलीत "निवडणुका घ्या" हे तुरे आडनावाच्या माणसानं म्हटलं असतं तर ते बंडखोरांचं म्हणणं ठरवून बाजूला सारता आलं असतं. द्रोग्बाच्या तोंडून आल्यावर ती सोय उरली नाही.

आणि तारीख बघा. ग्बाग्बोंची मुदत संपत होती ३० ऑक्टोबर २००५ ला, म्हणजे त्या ड्रेसिंग रूमनंतर बावीस दिवसांनी. त्या दिवशी निवडणूक व्हायची होती, ती होणार नाही हे तोवर स्पष्ट झालं होतं. द्रोग्बा हवेत बोलत नव्हता. ज्या गोष्टीवरून देश अडला होता नेमकं तेच नाव घेऊन तो ते मागत होता.

ती मिळाली का? संयुक्त राष्ट्रांनी ग्बाग्बोंना वर्षभराची मुदत वाढवून दिली. मग आणखी एक वर्ष. २००८ ची तारीख ठरली, मोडली. २००९ ची ठरली, मोडली. फेब्रुवारी २०१० मध्ये वाद पुन्हा मतदार यादीवरूनच पेटला आणि ग्बाग्बोंनी सरकार व निवडणूक आयोग दोन्ही बरखास्त केले. पहिल्या फेरीचं मतदान शेवटी झालं ३१ ऑक्टोबर २०१० ला. पाच वर्षं उशिरा. गंमत म्हणजे ड्रेसिंग रूमची ती फीत मधल्या काळात टीव्हीवर पुनःपुन्हा दाखवली जात होती. सरकारी वाहिनी ती कशी ऐकत असेल याचा मी विचार करतो. "शस्त्रं खाली ठेवा" हे तिथं बंडखोरांना उद्देशून ऐकू येतं. "निवडणुका घ्या" हे ज्याला उद्देशून आहे, वाहिनी त्याच्याच हातात. एकाच वाक्यातले दोन तुकडे, आणि प्रत्येक बाजूनं दुसऱ्यासाठी असलेला तेवढा उचलला.

इथं कुणी म्हणेल, मग बुआकेचं काय? रास्त प्रश्न आहे, आणि माझ्या मते द्रोग्बाचं खरं काम तिथं आहे, ड्रेसिंग रूममध्ये नव्हे. मार्च २००७ मध्ये, आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर, तो ती ट्रॉफी घेऊन बंडखोरांच्या बुआकेत गेला आणि मादागास्करविरुद्धचा आफ्रिका चषकाचा पात्रता सामना तिथं होईल असं जाहीर करून टाकलं. ३ जून २००७ ला तो झाला. राष्ट्रीय संघ बंडखोरांच्या राजधानीत, सरकारी आणि बंडखोर दोन्हीकडचे गणवेशधारी एकाच मैदानात, राष्ट्रगीत सगळे एकत्र गातायत. निकाल ५-० लागला, पाचवा गोल द्रोग्बाचा. राष्ट्राध्यक्ष ग्बाग्बो २००२ नंतर पहिल्यांदा बुआकेत पाय ठेवायला आले ते ३० जुलैला, म्हणजे फुटबॉल संघ जाऊन आल्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी.

तरी तिथंही क्रम विसरू नये. ४ मार्च २००७ ला बुर्किना फासोच्या राजधानीत, वागादुगूत, ग्बाग्बो आणि बंडखोरांचे नेते गिय्योम सोरो यांच्यात करार झाला होता. सोरो पंतप्रधान झाले होते. फिरती न्यायालयं गावोगाव जाऊन जन्मदाखले देतील असं ठरलं होतं. कराराशिवाय सामना झाला नसता. सामन्याशिवाय करार टिकला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही, पण बुआकेच्या ज्या माणसानं त्या दिवशी पाच वर्षांत पहिल्यांदा देशाचा संघ समोर पाहिला, त्याला कराराचं कलम दाखवून जे कळलं नसतं ते कळलं असणार. एवढं श्रेय द्यावं, आणि ते थोडं नाही.

पण फॉरवर्ड इथंही थांबत नाही, कारण त्याला २०१० माहीत नाही. २८ नोव्हेंबर २०१० ची दुसरी फेरी. निवडणूक आयोगानं वातारांना ५४.१ टक्के मतांनी विजयी घोषित केलं. घटना परिषदेनं उत्तरेतली मतं रद्द ठरवून ग्बाग्बोंना विजयी केलं. एका देशात दोन राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली. पुढच्या चारपाच महिन्यांत सुमारे ३,००० माणसं मेली, त्यांतली शेकडो मार्च २०११ च्या अखेरीस एकट्या दुएकुए गावात. ग्बाग्बो ११ एप्रिलला पकडले गेले. तेव्हाही द्रोग्बा होता, तुरे बंधू होते, तीच फीत उपलब्ध होती. फुटबॉलनं युद्ध थांबतं हे खरं मानलं तर २०११ मधल्या मृतांचं काय सांगायचं, त्यांच्या वेळी गोल कमी पडले?

नंतर सत्य आणि समेट आयोग नेमला गेला, त्यावर परदेशस्थ नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून द्रोग्बाचं नाव आलं. आयोगाच्या कामावर त्या देशातच नाराजी राहिली, खटले मुख्यतः हरलेल्या बाजूवर चालले. तो विषय वेगळा.

मला खिळवून ठेवतो तो २०२२ चा एप्रिल. आयव्हरी कोस्टच्या फुटबॉल महासंघाची अध्यक्षपदाची निवडणूक, उमेदवार तीन, त्यांत एक द्रोग्बा. देशाकडून १०५ सामने आणि ६५ गोल, चेल्सीसाठी १६४ गोल, आबिजानच्या बारमध्ये बिअरची मोठी बाटली मागायची तर आजही लोक "द्रोग्बा" मागतात. मतदार म्हणजे क्लबांचे आणि संघटनांचे प्रतिनिधी, सव्वाशेच्या आसपास. तो पहिल्याच फेरीत तिसरा येऊन बाद झाला. त्याआधी माजी खेळाडूंच्या संघटनेनंही त्याला पाठिंबा दिला नव्हता. निवडून आले इद्रिस दियालो, खेळाडू म्हणून ज्यांचं नाव जगात कुणाला माहीत नाही.

यावर हळहळणारे लेख बरेच आले. मला हळहळ वाटली नाही. महासंघाची निवडणूक म्हणजे छोट्या क्लबांचं अनुदान, पंचांचं मानधन, वर्षानुवर्षं सांभाळलेली माणसं. तिथं मत मागायला घरोघर फिरावं लागतं. आमच्याकडं कुठल्याही क्रीडा संघटनेच्या निवडणुकीला चार दिवस जवळून बसलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण फॉरवर्ड रचणाऱ्यांनी यावर विचार करावा. ज्याच्या एका वाक्यावर दोन सैन्यं थांबली असं तुम्ही सांगता, त्याच्या सगळ्या प्रचारावर शंभरेक माणसांतली बहुसंख्य हलली नाहीत. मग त्या वाक्यात जादू होती की ती आपण नंतर घातली?

अशी जादू घालायची आपल्याला सवय आहे. पेलेंनी १९६९ मध्ये नायजेरियाचं बियाफ्रा युद्ध दोन दिवस थांबवलं हीसुद्धा अशीच गोष्ट. पेलेंच्या सान्तोस क्लबचा दौरा झाला हे खरं, पण युद्धविराम झाल्याचा ठोस पुरावा त्या वेळच्या वर्तमानपत्रांत सापडत नाही. विशेष हे की अशा गोष्टी बहुतेक वेळा आफ्रिकेबद्दल असतात. आयर्लंडचा किंवा बाल्कनचा तंटा एका खेळाडूनं सोडवला असं म्हटलं तर आपण हसू, कारण तिथं पक्ष होते, करार होते, कलमं होती हे आपल्याला ठाऊक असतं. आफ्रिकेत मात्र युद्ध म्हणजे काहीतरी आपोआप पेटणारं, आणि म्हणून एका भल्या माणसाच्या अश्रूंनी आपोआप विझणारं. इव्वारिते, कोको, राज्यघटनेतलं ते कलम, प्रिटोरिया, वागादुगू हे सगळं वगळलं की खाली उरतो तो चांगला माणूस आणि त्याची फीत. सत्ताधाऱ्यांना यापेक्षा स्वस्त गोष्ट कोणती मिळणार? निवडणूक पाच वर्षं कुणी अडवली, हा प्रश्नच त्यात येत नाही.

द्रोग्बाला चमत्कार करणारा न मानता साधा माणूस मानलं, तरी त्याचं काही बिघडत नाही. गुडघे टेकल्यानंतर चारच महिन्यांनी, १० फेब्रुवारी २००६ ला, कैरोत आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात इजिप्तविरुद्ध पेनल्ट्यांमध्ये त्याची किक अडवली गेली आणि चषक गेला. २०१२ च्या अंतिम सामन्यात झांबियाविरुद्ध त्यानं पेनल्टी आडव्या खांबावरून बाहेर मारली, पुन्हा चषक गेला. त्याच वर्षी मे महिन्यात म्युनिकमध्ये ८८व्या मिनिटाला डोक्यानं बरोबरी साधून आणि शेवटची पेनल्टी शांतपणे कोपऱ्यात ढकलून त्यानं चेल्सीला युरोपचा चषक मिळवून दिला. देशाकडून मात्र आफ्रिका चषक त्याच्या हाती कधीच लागला नाही. २०१५ मध्ये आयव्हरी कोस्टनं तो जिंकला तेव्हा तो आदल्या वर्षीच निवृत्त झालेला होता. कधी साधायचं, कधी हुकायचं. राजकारणातही त्याला तेवढंच द्यावं: एक बरोबर वेळी मागितलेली बरोबर गोष्ट, जी ज्यांच्या हातात होती त्यांनी दिली नाही.

खेळाडूंनी सार्वजनिक प्रश्नांवर बोलावं की नाही, हा वाद आपल्याकडं दर दोन महिन्यांनी उकरला जातो. बोलावं, असं माझं मत आहे. पण बोललेलं ऐकणाऱ्यांनी सगळं वाक्य ऐकावं एवढी तरी अट असावी. २००५ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या दोन्ही बाजूंनी निम्मं ऐकलं. आपण वीस वर्षांनी, मोबाइलवर, तेही ऐकत नाही. फक्त गुडघे बघतो.

परवा तो मेसेज तालमीच्या ग्रुपवर पुन्हा आला. मी खाली एकच ओळ लिहिली: "निवडणुका घ्या असंही म्हणाला होता, दोनदा. त्या पाच वर्षांनी झाल्या." एकानं अंगठा दिला. पुढचा मेसेज रविवारच्या मॅचच्या वेळेचा होता, चारऐवजी साडेतीन.